दोन रात्री वाचवा: बेळगावहून आठवड्यासाठी परदेशी निघताना

उद्यमबागेत हायड्रॉलिकचे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी एक्स्पोर्टचं काम बघते. आमचं मोठं गिऱ्हाईक जर्मनीत आहे, त्यामुळे वर्षातून एकदा-दोनदा पाच-सहा दिवसांसाठी तिकडे जावं लागतं. त्यामुळं पहिल्यांदा परदेशी निघालेलं कुणी ना कुणी माझ्याकडे विचारायला येतंच. शेजारच्या शेडमधले मालक येतात, मुलीच्या पदवीदानाला इंग्लंडला निघालेले काका-काकी येतात, हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमधून फ्रान्सला ट्रेनिंगला जाणारी पोरं येतात. सगळे व्हिसाचं विचारतात, थंडीचं विचारतात, बॅगेत किती किलो चालतं ते विचारतात. झोपेचं मात्र कुणीच विचारत नाही, आणि आठवडाभराचा प्रवास बिघडतो तो बहुतेक वेळा झोपेपायीच.

माझा पहिला प्रवास असा झाला. संध्याकाळी बेळगावहून स्लीपर बसनं मुंबईला निघाले. घाटात, टोलनाक्यावर, ढाब्यावर गाडी थांबत गेली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दिवस अंधेरीत नातेवाइकांकडे गप्पांत गेला. रात्री विमानतळ, पहाटे तीनचं विमान, मध्ये आखातात चार तास बसून दुसरं विमान. हॉटेलवर पोहोचले तेव्हा तिथले दुपारचे तीन वाजले होते. जरा पाठ टेकते म्हणून आडवी झाले ती रात्री दहाला उठले, आणि मग सकाळपर्यंत टक्क जागी. सकाळी नऊला गिऱ्हाइकाकडे मीटिंग. तपासणीच्या तक्त्यावर मी सही केली. ड्रॉइंगमध्ये ०.०२ मिलिमीटर होतं, तक्त्यात ०.२ टाइप झालेलं होतं. एरवी हे माझ्या नजरेतून सुटलं नसतं. दोन महिन्यांनी अख्खा लॉट परत आला.

तीन रात्री झोप नव्हती. नंतर विचार करताना लक्षात आलं की त्यातली फक्त तिसरी रात्र जेट लॅगची, म्हणजे दोन देशांच्या वेळेतल्या फरकानं शरीराचं घड्याळ चुकण्याची होती. पहिल्या दोन आपण सीमाभागातले लोक विमान सुटायच्या आधीच घालवून बसतो, कारण आपल्याला आधी मुंबई किंवा बेंगळुरू गाठावं लागतं आणि ते रात्री गाठायची आपली सवय आहे. त्या दोन रात्री वाचवता येतात. तिसरीही बरीचशी वाचते.

शरीरातलं घड्याळ

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचा एक छोटा पुंजका आहे. झोप, भूक, अंगाची उष्णता, पोट साफ होण्याची वेळ हे सगळं तो साधारण चोवीस तासांच्या चक्रात बांधून ठेवतो. हे चक्र पेशीच्या आत कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. आपल्याला त्यातली एकच गोष्ट कामाची आहे: या घड्याळाचे काटे फिरवणारा मुख्य हात म्हणजे डोळ्यांत शिरणारा उजेड. जेवण, चहा, व्यायाम यांचाही हात लागतो, पण उजेडाएवढा कशाचाच नाही.

बहुतेकांचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. म्हणून उशिरा झोपणं सोपं आणि लवकर झोपणं अवघड. पश्चिमेला, म्हणजे युरोप-अमेरिकेकडे जाताना दिवस लांबतो आणि शरीर रोज साधारण दीड तास सरकतं. पूर्वेला, म्हणजे जपानकडे जाताना किंवा युरोपातून घरी येताना, ते रोज तासभरच सरकतं. फाउंड्रीत ज्यांनी शिफ्ट केली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. फर्स्ट शिफ्टवरून सेकंडला जाणं जमतं. नाईट करून एकदम फर्स्टला यायचं म्हटलं की चार दिवस डोकं जड राहतं.

अडीच-तीन महिने आधी: कागद

पासपोर्टची मुदत आधी बघा. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर चालणारा देशांचा गट, जर्मनी-फ्रान्स त्यातलेच) तिथून परत निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत शिल्लक हवी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. भेटीची तारीख मिळायलाच वेळ जातो. मोठ्या माणसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, वर अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. निदान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतोच. इंग्लंड शेंगेनमध्ये येत नाही, त्याचा व्हिसा निराळा.

आता आपल्या भागातल्या अडचणी. पहिली हद्दीची. आपलं मन मुंबईकडे धावतं, पण तुम्ही राहता त्या भागासाठी व्हिसाचा अर्ज कुठल्या केंद्रात करता येतो, ते आधी तपासा.  मुंबईत लवकरची तारीख दिसली म्हणून न तपासता ती घेऊन बसू नका.

दुसरी अडचण नावाची, आणि ही फार जणांना नडते. आपलं नाव मराठी शाळेच्या दाखल्यावर एका पद्धतीनं इंग्रजीत येतं आणि कन्नडवरून इंग्रजीत गेलेल्या कागदावर दुसऱ्या. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग मराठी पद्धतीनं ‘डी’नं सुरू होतं आणि कन्नड पद्धतीनं ‘जे’नं. चौगुले, चौगले, चौगला ही एकाच घरातली तीन भावंडं वाटावीत अशी कागदपत्रं मी बघितली आहेत. पासपोर्ट, आधार, पॅन, बँकेचं पुस्तक आणि तिकीट पाचही एका ओळीत मांडा आणि एकेक अक्षर जुळवा. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव हवं, बाकी कुठं काहीही असलं तरी. शहराचं इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, त्यामुळे जुन्या कागदांवर एक आणि नव्यांवर दुसरं दिसतं. व्हिसासोबत जे पत्र जोडता त्यात, दोन्ही नावं एकाच गावाची आहेत, असं एक वाक्य लिहून टाका. कन्नडमधला एखादा दाखला जोडणार असाल तर त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा.

विमान मध्ये ज्या देशात बदलायचं आहे तिथं नुसतं बदलण्यासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढायच्या आधी तपासा. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

तिकीट काढताना

स्वस्त तिकीट आणि चांगलं तिकीट यांत फरक करा. मुंबई आणि बेंगळुरू दोन्हीकडून फ्रँकफर्टला थेट विमानं आहेत, नऊ-दहा तासांची. आखातातून गेलं की तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं, पण रात्रीचे दोन तुकडे होतात आणि कुठल्याच तुकड्यात सलग झोप होत नाही. महिनाभर राहायला जाणाऱ्या आई-वडिलांनी पैसे जरूर वाचवावेत. पण पाच दिवसांच्या कामासाठी जाणाऱ्यानं परवडत असेल तर थेट विमान घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाच दिवसांतले दोन पेंगत काढले तर राहिलं काय?

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं बेंगळुरू किंवा मुंबई गाठणार असाल तर पुढच्या विमानासकट सगळं एकाच तिकिटावर मिळतं का बघा. वेगवेगळी तिकिटं काढली आणि सांबऱ्याचं विमान उशिरा सुटलं, तर पुढचं हुकल्याची जबाबदारी कुणी घेत नाही. पावसाळ्यात ही शक्यता जास्त. वेगळंच तिकीट काढावं लागलं तर आदल्या दिवशी पोहोचा.

गोव्याहून निघणाऱ्यांनी चोर्ल्याच्या घाटाचा हिशेब धरावा. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आणि पाऊस असतो, तेव्हा नेहमीच्या वेळेत दोन तास वाढवा. गोव्यातल्या मोपा विमानतळावर जायचं असेल तर आंबोली-सावंतवाडीचा रस्ताही आहे, पण तोही घाटच.

घरातून निघायची वेळ: इथंच सगळं ठरतं

युरोपची बरीच विमानं आपल्याकडून रात्री एक ते चारच्या दरम्यान सुटतात. त्यासाठी रात्री दहा-अकराला विमानतळावर असावं लागतं. आदल्या रात्री बसमध्ये आणि त्या रात्री विमानतळावर, असे सलग दोन दिवस अंथरुणाशिवाय जातात.

हे टाळायचा मार्ग साधा आहे. एक दिवस आधी निघा आणि दिवसाउजेडी निघा. ऑगस्ट २०२५ पासून बेळगावहून बेंगळुरूला वंदे भारत आहे. पहाटे सुटते आणि दुपारी पोहोचवते. मुंबईला जायचं तर सकाळी गाडी काढून कोल्हापूर-पुणे करत संध्याकाळी पोहोचता येतं. त्या रात्री तिथं अंथरुणावर नीट झोपा. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून पुन्हा दीड-दोन तास झोपा आणि मग विमानतळावर जा. एका रात्रीचं लॉजभाडं जातं, पण तुमच्या अख्ख्या प्रवासातला सर्वांत उपयोगी खर्च हाच.

मावशीकडे किंवा मामाकडे उतरणार असाल तर त्यांना आधीच सांगा. आपल्याकडे बेळगावचा पाहुणा आला की बारापर्यंत गप्पा रंगतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण मी आता फोनवरच सांगून ठेवते, ‘मामी, दहाला झोपणार हं, परत येताना दोन दिवस राहते.’ त्या समजून घेतात, आणि परतताना मी खरंच राहते.

निघायच्या आधीचे तीन दिवसही हातात असतात. युरोपला जायचं तर रोज अर्धा-पाऊण तास उशिरा झोपा आणि उशिरा उठा. जपान-सिंगापूरकडे जायचं तर उलट, रोज अर्धा तास लवकर. एवढ्यानंच दीड-दोन तासांचा फरक घरीच पडतो. पण पॅकिंग करत दोन-दोन वाजेपर्यंत जागणं म्हणजे हा सराव नव्हे. बॅग चार दिवस आधी भरून दारापाशी ठेवा.

बेळगावची वेळ शेजारी लिहा

हा माझा सगळ्यांत आवडता भाग, आणि यासाठी फक्त एक कागद लागतो. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडं तिथल्या कामाची वेळ लिहा, उजवीकडं त्या वेळी बेळगावात किती वाजलेले असतील ते. पहिले दोन-तीन दिवस तुमचं शरीर उजव्या रकान्यात जगत असतं.

जर्मनी-फ्रान्स आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं आहेत. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर बदलतात. इंग्लंड आणखी एक तास मागं. न्यूयॉर्कची बाजू उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागं. जपान साडेतीन तास पुढं, सिंगापूर अडीच तास पुढं, दुबई दीड तास मागं. दुबईला जाणाऱ्यांनी हा लेख इथं सोडला तरी चालेल. तिथं झोप बिघडते ती फक्त विमानाच्या अवेळी वेळांमुळं.

आता उन्हाळ्यातल्या जर्मनीचा कागद वाचा. सकाळी नऊची मीटिंग म्हणजे बेळगावचे साडेबारा, डोकं ताजं. दुपारचे तीन म्हणजे साडेसहा, ठीक. संध्याकाळी सातला गिऱ्हाईक जेवायला नेतं, तेव्हा आपले साडेदहा वाजलेले असतात आणि नऊला, म्हणजे आपल्या साडेबाराला, ते अजून गप्पा मारत बसलेले असतात. म्हणून दर ठरवण्याची, सही करण्याची कामं सकाळी ठेवा आणि जेवणाच्या टेबलावर कुठलाही आकडा कबूल करू नका.

जपानला उलटं. तिथल्या सकाळच्या नऊला आपले पहाटेचे साडेपाच. पहिल्या दिवशी महत्त्वाचं काम दुपारनंतर मागून घ्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळी आठला आपले संध्याकाळचे साडेपाच असतात, म्हणजे चालतं. पण दुपारी चारला आपले रात्रीचे दीड. तिथं दुपारच्या मीटिंगमध्ये खुर्चीत डुलक्या येतात त्या यामुळं. माझ्याबरोबर आलेले आमच्या शॉपचे सुपरवायझर एकदा कुजबुजले होते, ‘ताई, डोळं उघडं राहीनात की!’ मी त्यांना कागद दाखवला. पुढच्या दिवशी आम्ही दोघांनी अवघड काम साडेआठलाच उरकलं.

एकूण मुक्कामच दोन-तीन दिवसांचा असेल तर घड्याळ बदलायच्या भानगडीत पडू नका. शक्य तेवढं बेळगावच्याच वेळेला झोपा, बेळगावच्याच वेळेला जेवा आणि परत या.

विमानात

बसल्या बसल्या मनगटावरचं घड्याळ तिथल्या वेळेला लावा. तिथं रात्र असेल तर झोपायचा प्रयत्न करा, दिवस असेल तर जागं राहा. पहाटे तीनच्या विमानात हे सोपं आहे: जर्मनीत तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा असतात. विमान सुटल्यावर जेवण येतं, ते नाकारलं तरी चालतं. विमानतळावरच जेवून घ्या, डोळ्यांवर पट्टी बांधा आणि झोपा.

केबिनमधली हवा फार कोरडी असते आणि दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्यासारखा. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. फुकट मिळते म्हणून दारू घेऊ नका. तिनं झोप लागल्यासारखी वाटते आणि दोन तासांनी मोडते. दारूबरोबर झोपेची गोळी तर अजिबात नको. दर दोन तासांनी उठून चालून या, बसल्या जागी पायाच्या घोट्यांना हालचाल द्या. खूप वेळ पाय लोंबकळत बसल्यानं पोटरीच्या शिरेत रक्त गोठू शकतं. ज्यांना हा त्रास आधी झाला आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं आहे, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. इन्सुलिन घेणाऱ्यांनी दिवस लांबल्यावर किंवा आखूड झाल्यावर डोस कधी घ्यायचा, ते वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणावं. हा अंदाजानं ठरवायचा विषय नाही.

उतरल्यावर पहिले दोन दिवस

युरोपात सकाळी उतरलात तर हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. लवकर खोली देता का, हे बुकिंग करतानाच विचारा. पहिल्या दिवशी काम ठेवू नका. कंपनी ऐकत नसेल तर निदान सही-शिक्क्याचं ठेवू नका.

आंघोळ करा, बाहेर पडा. अगदीच सहन होत नसेल तर वीस-तीस मिनिटांचा गजर लावून झोपा, तेही दुपारी तीनच्या आत. गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. माझी पहिल्या वेळची सात तासांची झोप याच ठिकाणी घात करून गेली. चहा-कॉफी दुपारी दोनपर्यंतच. कॉफीचा अर्धा अंमल पाच तासांनीही शरीरात शिल्लक असतो. पोटालाही वेळ कळावी म्हणून तिन्ही जेवणं तिथल्या वेळेला करा, भूक नसली तर थोडी करा.

मुख्य काम उजेडाचं. पश्चिमेला गेल्यावर आपल्याला संध्याकाळचा उजेड हवा असतो. बेळगावात साडेसहाला उठणाऱ्याचं शरीर पहाटे साडेचारच्या सुमाराला सर्वांत थंड असतं. त्या क्षणाच्या आधी मिळालेला उजेड घड्याळ मागं ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते; नंतरचा पुढं ओढतो, म्हणजे ती लवकर येते. तो क्षण जर्मनीच्या उन्हाळ्यात रात्री एकला येतो. म्हणजे तिथला पहाटेचा उजेड आपल्याला उलट दिशेला ओढतो.

आपल्या फिरायला जाणाऱ्या माणसांची नेमकी इथं चूक होते. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज पहाटे चक्कर मारणारे काका तिकडंही साडेतीनला जागे होतात, आता झोप येणार नाही म्हणून पाचला बाहेर पडतात आणि आठवडाभर साडेतीनलाच उठत राहतात. जूनमध्ये जर्मनीत पाचलाच लख्ख उजाडतं. त्यांना मी सांगते, पहिल्या दोन दिवसांत फिरणं संध्याकाळी ठेवा. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यात भरपूर चाला. पहाटे जाग आली तर पडदे घट्ट ओढा, मोबाईलला हात लावू नका, अंधारातच पडून राहा. झोप नाही आली तरी अंधार आपलं काम करतो. डिसेंबरात मात्र संध्याकाळी साडेचारच्या आत अंधार पडतो, तेव्हा झगझगीत दिव्यांच्या ठिकाणी, मॉलमध्ये किंवा स्टेशनवर, संध्याकाळ काढा.

झोपायला किमान नऊ वाजू द्या. नऊला झोपून चारला उठलात तर पहिल्या रात्रीसाठी ते उत्तम आहे.

अमेरिकेच्या पूर्वेला दुपारी तीन ते सहा बाहेर उजेडात राहा. जपानला गेल्यावर उजेड सकाळी आठ-नऊनंतर घ्या, त्याआधी काळा चष्मा, आणि रात्री दिवे मंद.

मेलाटोनिनच्या गोळीबद्दल विचारतात. अंधार पडल्यावर मेंदूतली पिनियल ग्रंथी जे रसायन सोडते तेच गोळीत असतं. पूर्वेकडच्या प्रवासात झोपायच्या वेळी घेतलेली छोटी मात्रा बऱ्याच जणांना उपयोगी पडते. पण फिट येणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. युरोपच्या साडेतीन तासांसाठी मला ती कधी लागली नाही.

सामान आणि खाणं

कुंदा नेऊ नका. सांगताना मलाही वाईट वाटतं, कारण बेळगावकर पाहुणा रिकाम्या हातानं जाणं कसं दिसतं! पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, आणि कुंदा म्हणजे सगळं दूधच. विमानतळावर तो डबा कचऱ्यात जाताना बघवत नाही. तूपही नको. शेंगदाण्याची चटणी, पोह्यांचा चिवडा, खाकरे असं कोरडं खाणं मोठ्या बॅगेत टाका. तिखट, मसाला, लोणचं हातातल्या पिशवीत अडवतात. तिथं पातळ पदार्थाला १०० मिलिलिटरची मर्यादा आहे. पहाटे चारला तिथं जाग आली आणि बाहेर काहीच उघडं नसलं, तेव्हा हाच चिवडा कामाला येतो. आपल्या शरीराची ती न्याहारीची वेळ असते.

पॉवर बँक फक्त हातातल्या पिशवीत. जर्मनी-फ्रान्समध्ये आपला दोन पिनांचा चार्जर बहुधा बसतो. इंग्लंड आणि अमेरिकेला ॲडाप्टर लागतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा, तो आपोआप सुरू नसतो. ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, म्हणून तिकडचं सिम घेतलं तरी आपलं सिम रोमिंगवर चालू ठेवा.

परत येताना

जाताना सगळे तयारी करतात, येतानाची कुणी करत नाही, आणि येणंच जड जातं. आपण पूर्वेकडे येतो, शरीराला लवकर झोपायला सांगतो आणि ते ऐकत नाही. रात्री दोनपर्यंत डोळे उघडे, सकाळी आठला उठवत नाही. दोन-तीन दिवस हे चालणारच.

पहिल्या सकाळी कितीही जड वाटलं तरी साडेआठला उठून उन्हात जा. गच्चीवर चहा घ्या, अंगणात बसा, तास-दीड तास. आठच्या आधीचं ऊन त्या दोन दिवसांत टाळलेलं बरं, कारण तुमचं शरीर अजून युरोपच्या पहाटेत असतं. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका. रात्री नऊनंतर घरातले मोठे दिवे बंद करा.

एक गोष्ट मात्र हट्टानं पाळा. विमानातून उतरून स्वतः गाडी चालवत बेळगावला येऊ नका. बेंगळुरू किंवा मुंबईहून आपलं घर पाचशे किलोमीटरवर आहे, आणि पहाटे उतरलेल्या माणसाला चित्रदुर्गच्या किंवा साताऱ्याच्या पुढं सरळ रस्त्यावर कधी डुलकी लागेल ते त्याला कळत नाही. ड्रायव्हर बोलवा, रेल्वे धरा, नाहीतर ज्या मामीला शब्द दिला होता तिच्याकडे राहा. आमच्या कारखान्यात आता नियमच केला आहे: परदेशातून आलेला माणूस आल्या दिवशी गाडीला हात लावत नाही, आणि पहिले दोन दिवस त्याला फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवत नाहीत.